वाडा बघायचा, तर माळवदाचे पैसे द्या

पुण्याहून सोलापूरला येणारा महामार्ग आता असा झाला आहे की अडीचशे किलोमीटरचा पल्ला चार-साडेचार तासांत सरतो. शनिवारी पहाटे निघालेली गाडी दुपारी अक्कलकोटला, संध्याकाळी तुळजापूरला आणि रविवारी पंढरपूरला दर्शन घेऊन रात्री घरी पोचते. हा त्रिकोण दरवर्षी फिरणाऱ्या माणसाला विचारा, वाटेत वाडे किती लागले, गढ्या किती लागल्या? तो गोंधळून बघेल. कारण गाडी थांबते ती चहाला, डिझेलला आणि देवाला.

हे चित्र आता थोडे बदलते आहे. हुरड्याच्या मोसमात शेतावर येणारी मंडळी जवळच्या गढीकडे वळतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी जुने दरवाजे शोधतात, कोणीतरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकतो आणि पुढच्या रविवारी दहा गाड्या चावडीपुढे उभ्या राहतात. लगोलग मागणी येते, ‘वाडे पर्यटनाला खुले करा, गावाचा विकास होईल.’ मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण माळवदावर, म्हणजे वाड्याच्या मातीच्या सपाट छतावर, चढून पाहिलेले त्यांच्यात फार थोडे असतात.

वाड्याचे आयुष्य त्याच्या छतावर ठरते. पाहुण्यांचा पैसा त्या छतापर्यंत पोचत असेल तर दार उघडावे, नाहीतर कुलूप बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे कळायला आधी माळवद कळायला हवे.

सोलापूर जिल्ह्यातला आणि शेजारच्या मराठवाड्यातला जुना वाडा कौलारू नसतो. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, म्हणजे आडवी बारीक लाकडे, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर माती, अशी ही सपाट छताची रचना. वरचा थर खाऱ्या मातीचा. या मातीत सोडियमचे क्षार असतात. पाणी लागले की तिचे बारीक कण फुगतात आणि भेगा आपोआप बुजतात. म्हणून ती कुठल्याही शेतातली चालत नाही, ठरलेल्या जागेवरूनच आणतात. छताला दहा फुटाला तीन-चार इंच उतार हवा, आणि उताराच्या टोकाला पन्हाळ, म्हणजे पाणी बाहेर टाकणारी नळी, भिंतीपासून किमान दीड फूट बाहेर आलेली हवी. पन्हाळ आखूड असली की पाणी भिंतीवरून ओघळते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचे पोट सुटते. उजेडाला छतात साणं, म्हणजे झरोका, ठेवलेले असते. त्याच्या चारी बाजूंनी चार बोटे उंच काठ नसेल तर छतावरचे सगळे पाणी थेट माजघरात.

सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. माळवद हे त्या पावसाचे छत आहे. रिपरिप पाऊस ते आरामात झेलते. एका दिवसात धो धो कोसळला की त्याला सुधरत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जिल्ह्यात असाच पाऊस झाला. त्या एका रात्रीने जुन्या भिंतींना जे केले ते दहा वर्षांच्या दुर्लक्षाने झाले नसते. म्हणजे आजी-आजोबांच्या काळात वर्षातून एकदा छतावर चढून भागत असे. आता मृगाच्या आधी एकदा आणि परतीच्या पावसाच्या आधी पुन्हा एकदा चढावे लागते.

चढून करायचे काय? इथे सगळ्यात मोठी चूक होते. गळती दिसली की वरून माती ओतायची, हा सरधोपट उपाय. दहा फूट बाय दहा फूट जागेवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास. ओली झाली की तिचे वजन पाच टनांच्या घरात जाते. दरवर्षी दोन इंच माती चढवली, जुनी काढली नाही, तर दर वर्षाला त्याच जागेवर आठशे किलोची भर. तुळई सागाची असली तरी तिचे ऐकून घेण्यालाही मर्यादा आहे. बरोबर पद्धत अशी: आधी गवत मुळासकट काढायचे, मग वरची भुसभुशीत दोन-तीन इंच माती खरवडून खाली उतरवायची, खालचा थर किंचित ओला करून धुमसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, ठोकायचा, उतार दोरी लावून तपासायचा आणि उतरवली तेवढीच नवी खारी माती चढवायची. हे काम चार माणसांचे तीन-चार दिवसांचे. त्यात चमक नाही, उद्घाटनाला फीत नाही, म्हणून त्याला निधीही नाही.

‘एकदाच काय तो कोबा टाकून घ्या’ हा सल्ला गावात फुकट मिळतो आणि फार महाग पडतो. माळवदावर सिमेंटचा कोबा म्हणजे आधीच्या वजनावर आणखी वजन. लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, कोबा मात्र तसा हलत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी केसाएवढ्या भेगा पडतात. पाणी भेगेतून आत जाते, पण वाफ होऊन बाहेर येऊ शकत नाही. खाली तुळईचे टोक भिंतीत ओलेच राहून कुजते, आणि खोलीतून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दिसते ते एकदम, तुळई खाली आल्यावर. त्यापेक्षा सरळ पत्र्याचे छप्पर घाला. ते वाईट दिसेल, वारसाप्रेमी नाक मुरडतील, पण पत्र्याचे खांब कड्यांवर न टेकवता भिंतींच्या किंवा खालच्या खांबांच्या डोक्यावर घेतले आणि वळवाच्या वाऱ्याने उडणार नाही असे जखडले, तर पत्रा वाड्याला वीस वर्षे देतो. मरणाऱ्या वाड्याला आधी श्वास हवा, सौंदर्य नंतर पाहू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाने माळवदावरचा लोकांचा विश्वासच उडवला, आणि त्यांना दोष देता येत नाही. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे याच दगडमातीखाली गेली. पण तिथे नेमके काय कोसळले हे विसरले गेले. मातीत रचलेल्या गोलसर दगडांच्या, आरपार जोडदगड नसलेल्या जाड भिंती आधी फुटल्या, आणि जिथे छत त्याच भिंतींवर टेकलेले होते तिथे वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीसकट ते खाली आले. ज्या घरांत छत लाकडी खणांवर, म्हणजे खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होते, तिथे भिंती ढासळूनही सांगाडा अनेकदा उभा राहिला. तेव्हा वाडा लोकांना खुला करण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा: छत खांबांवर आहे की भिंतीवर? भिंतीवर असेल आणि माती फूटभर असेल, तर त्या खोलीत पाहुणा न्यायचाच नाही. तक्रार आली तर येऊ द्यावी.

आता पाहुण्यांचे वजन. चाळीस जणांचा गट माडीवर चढून एका खिडकीपाशी फोटोला गोळा झाला की अडीच टन एका कोपऱ्यात. माडीचा कडीपाट, म्हणजे कड्यांवरची फळ्यांची जमीन, घरातल्या दहा-पंधरा माणसांसाठी आणि धान्याच्या काही पोत्यांसाठी रचलेला असतो. त्यामुळे माडीवर एका वेळी दहा-बारा माणसे, तीही खांबांच्या आणि भिंतींच्या कडेने, हा नियम पाटीवर नव्हे तर जिन्याच्या तोंडाशी उभ्या माणसाच्या तोंडी हवा. माळवदावर तर कोणालाच सोडू नये. टाचेने पडलेल्या खळग्यात पाणी साचते आणि गळती तिथूनच सुरू होते. मावळतीचा फोटो गावाबाहेरच्या पुलावरूनही चांगला येतो.

आणखी एक चूक चांगल्या हेतूने होते. पाहुणे येणार म्हणून ओसरीवर शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल्स बसवतात. वाड्याचा खांब जमिनीवर उभा नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, आणि तळखडा जमिनीच्या वर ठेवण्याचे कारणच लाकडाला ओल लागू नये हे. जुन्या जमिनीवर तीन-चार इंच भर घालून फरशी केली की तळखडा गाडला जातो. मग रोजच्या फडक्याचे पाणी खांबाच्या बुडाशी मुरते. पाच-सहा वर्षांत बूड स्पंजासारखे होते. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर बोटभर आत जातो. भिंतींचेही तसेच. विटा आणि चुना ओल शोषतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचा पापुद्रा हाताने निघतो. इथे चुनाच हवा. कळीचा चुना किमान पंधरा दिवस पाण्यात विरवून, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळून चुन्याच्या घाणीत मळलेला. गूळ, बेलफळ, हिरड्याचे पाणी यांच्या पाककृती ज्याच्या त्याच्या वेगळ्या, त्यावर भांडण नको. पण चुना पुरता विरला नसेल तर भिंतीवर चढल्यावर त्याचे खडे फुगून फुटतात आणि गिलाव्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. तिथे बेलफळ काही करू शकत नाही.

हे सगळे ज्याला येते तो मिस्त्री आता साठीच्या पुढचा आहे, आणि त्याची मुले सेंट्रिंगच्या कामावर जातात. वाड्यांच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, पण चर्चा होते ती दिव्यांच्या रोषणाईची.

सोलापूर शहरातच पाहू. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनात महापालिकेचा कारभार चालत आला. सरकारी कचेरी म्हणजे जुन्या इमारतीला शिक्षाच: फायलींच्या कपाटांचे वजन, भिंतींतून ओढलेल्या वायरी, खिडक्यांत बसवलेली यंत्रे. तरीही ती इमारत उभी राहिली, तिचा जीर्णोद्धारही झाला, कारण रोज तिथे कोणीतरी जात होते आणि गळले तर ओरडत होते. उत्तर कसब्यातला हिरेहब्बू वाडा घ्या. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक तिथून निघते, म्हणून वर्षातून एकदा तरी त्या वाड्याकडे अख्ख्या शहराचे लक्ष जाते. पंढरपुरात होळकर वाडा राममंदिरामुळे आणि शिंदे सरकारांचा वाडा बायजाबाईंनी बांधलेल्या द्वारकाधीश मंदिरामुळे नांदता आहे; मंदिर परिसराच्या रुंदीकरणाची चर्चा निघाली की त्यांच्यासाठी बोलायला माणसे उभी राहतात ती त्यामुळेच. वापर असलेला वाडा टिकतो. नुसता पाहण्याचा वाडा टिकवायचा तर पाहण्यालाच वापराची शिस्त लावावी लागेल.

यावर दोन तयार उत्तरे दिली जातात, सरकारी आणि हॉटेलवाल्यांचे. राज्य संरक्षित स्मारके संगोपनासाठी खासगी संस्थांना देण्याची योजना महाराष्ट्रात आहे, आणि सोलापूरपासून तासाभराच्या आत असलेला नळदुर्ग तिचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. किल्ल्यात स्वच्छता आली, तिकीट आले, बागा आल्या. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याने १६१३ मध्ये बांधून घेतलेला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला लोक लांबून येतात. पण तो प्रयोग वाड्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. किल्ला दगडाचा, वाडा मातीचा आणि लाकडाचा. किल्ल्याचा मालक एक, सरकार. वाड्याचे मालक सतरा, त्यातले चार पुण्यात, दोन परदेशात आणि एक कोर्टात.

हॉटेलाचे उत्तर दिसायला सगळ्यात गोड. दहा खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-न्हाणीघर, म्हणजे मातीच्या भिंतींत दहा ठिकाणी पाण्याचे पाइप. त्यातला एक जोड ठिबकला की भिंत आतून चिखल होते. शोषखड्डा पायाजवळ काढला आणि खाली काळी माती असली तर ती ओलीने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जोत्यालाच भेग जाते. मुक्काम ठेवायचाच असेल तर न्हाणीघरे परसात किंवा पडक्या पागेच्या जागी वेगळी बांधावीत, पाइप भिंतींच्या बाहेरून न्यावेत, छतावर पाण्याची टाकी ठेवू नये. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, तोही रात्रंदिवस एकाच तुळईवर. इतके पाळणारा हॉटेलवाला भेटला तर त्याला हार घालावा. बहुतेक जण वाडा घेण्याऐवजी वाड्याचे खांब घेतात. कोरीव खांब, हस्त, गणेशपट्टीची चौकट ट्रकमध्ये भरून जाते आणि चार महिन्यांनी एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात उभी राहते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत इमारतीतून काढलेली शंभर वर्षांपूर्वीची वस्तूही बसते आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो. पण खेड्यातल्या पडक्या वाड्यासमोर ट्रक उभा राहतो तेव्हा परवाना विचारणारे तिथे कोणी नसते.

आणखी एक लूट वेगळीच आहे. गढीची पांढरी माती शेताला खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेली गेली. आता त्यात गुप्तधनवाल्यांची भर पडली. अमावास्येच्या आसपास बुरुजाच्या पायाशी खणलेले खड्डे जिल्ह्यातल्या कित्येक गढ्यांत दिसतील. सोने निघो न निघो, पाऊस त्या खड्ड्यात शिरतो आणि बुरूज बसतो. या एका कारणासाठी तरी वाड्यात माणसांची ये-जा हवी. जिथे आठवड्याला तीस पाहुणे येतात तिथे कुदळ घेऊन रात्री जायला धजणे जरा अवघड.

आता सगळ्यात टोकदार आक्षेप, आणि तो टाळून चालणार नाही. वाडा कोणाचा? ज्याच्या देवडीच्या आत गावातल्या अर्ध्या लोकांना पाऊल टाकता येत नव्हते, ज्याचे दगड वेठीने वाहिले गेले, त्याच्या वारसांचे छत लोकांच्या पैशातून का शाकारायचे? परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने शेती गेली, संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले. जे झाले ते योग्यच झाले. पण वाड्याची डागडुजी ज्या उत्पन्नावर चाले ते गेले आणि डागडुजीचा प्रश्न कोणीच अंगावर घेतला नाही. आमचे म्हणणे असे की लोकांचा पैसा वारसांच्या खात्यावर एक रुपयाही जाऊ नये. तो मजुरीच्या रूपाने जावा. गवंडी, सुतार, पाथरवट, वडार, बेलदार यांच्या हातांनी वाडे उभे राहिले. त्यांच्या नातवंडांना चुन्याचे आणि माळवदाचे काम शिकवून त्याची रोजंदारी देणे हा लोकांच्या पैशाचा प्रामाणिक उपयोग आहे. वाडा दाखवणाऱ्यानेही सगळे दाखवावे. सदर दाखवताना सदरेपुढे कोण कुठपर्यंत येऊ शकत होते हेही सांगावे, माजघरातल्या बायका चौकातला न्यायनिवाडा कुठल्या जाळीतून ऐकत तेही. अशी जाळी असलेला वाडा नुसत्या शस्त्रांच्या यादीपेक्षा किती तरी अधिक बोलतो.

कायद्याची वाट शोधताना एक सावधगिरी हवी. वाड्याला थेट केंद्रीय संरक्षित स्मारक करा असे म्हणणे सोपे. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट आहे. गावठाणाच्या मध्यावर असलेल्या वाड्यासाठी हे केले तर अर्धे गाव रातोरात वाड्याचे वैरी होईल. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला ते शोभते, गल्लीतल्या वाड्याला नाही. १९५८ च्या त्याच केंद्रीय कायद्यात दुसरी एक कामाची तरतूद आहे: मालकाशी करार. देखभाल कोणी करायची, मालकाने काय मोडायचे नाही, लोकांना कधी आत येऊ द्यायचे, हे करारात लिहिता येते. याच धर्तीवर जिल्हा परिषदेच्या पातळीवर साधा दहा वर्षांचा करार असावा. आसपासच्या घरांवर बंधन नाही, अधिसूचना नाही. वाड्याने वर्षातले ठरावीक दिवस दार उघडायचे, आणि त्या बदल्यात दरवर्षी माळवद, पन्हाळी आणि मोऱ्या यांचे काम तालुक्याच्या प्रशिक्षित टोळीने करून द्यायचे. तालुक्याला एक चुन्याची घाणी, एक सुतार, दोन गवंडी आणि सहा मजूर एवढी टोळी असली तरी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ती पंधरा-वीस वाडे फिरू शकते.

वारसांनीही एक गोष्ट करायला हवी, आणि तिला सरकार लागत नाही. वाटणीपत्रात खोल्या वाटा, पण छत, मोऱ्या, आड आणि मुख्य दरवाजा सामाईक ठेवा. वाड्याचा चौक हा पाण्याचा रस्ता असतो. चारी छतांचे पाणी चौकात, चौकातून दगडी मोरीने दिंडी दरवाजाखालून बाहेर. भावाभावांत चौकात भिंत उभी राहिली की मोरी एकाच्या वाट्याला जाते आणि पाणी दुसऱ्याच्या. मग ज्याची खोली भिजते तो आपल्या बाजूला भर घालतो, आणि पाणी पुन्हा पहिल्याच्या जोत्यात. अशा वाड्यांत पावसाचे पाणी भाऊबंदकीच्या वाटेनेच वाहते.

पैशाचा हिशेब अवघड नाही. शंभर रुपये तिकीट, शनिवार-रविवार रोज तीस माणसे, पावसाळ्याचे महिने सोडून वर्षाला चाळीस आठवडे: दोन लाख चाळीस हजार. त्यातला निम्मा माळवदाच्या स्वतंत्र खात्यात, दोन सह्यांशिवाय निघणार नाही असा. उरलेल्यातून वाडा दाखवणाऱ्या गावातल्या मुलामुलींचे मानधन आणि झाडलोट. दारात पाटी लावायचीच तर पूर्वजांच्या पराक्रमाच्या शेजारी एवढेही लिहावे: गेल्या वर्षी छतावरून किती माती उतरवली, किती चढवली, किती दिवसांची मजुरी दिली. फोटोंच्या चित्रीकरणाला वेगळे आणि भरपूर शुल्क, आणि रंगीत धूर, खिळे, छतावर चढणे यांना सक्त मनाई.

राहिला पाहुणा. त्याच्यासाठीही थोडे. सकाळी सोलापुरातून निघून अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर. १७०७ मध्ये शाहू महाराजांनी पारदच्या लोखंडे पाटलांच्या राणोजीला आपलेसे करून फत्तेसिंह नाव दिले, त्याच्यापासून हे भोसले घराणे सुरू झाले. राजवाड्यातले शस्त्रागार पाहावे. ‘आशियातले सर्वांत मोठे’ वगैरे ऐकू येईल, ते मनावर न घेता तलवारींच्या मुठी नीट पाहाव्यात, वेळ सत्कारणी लागेल. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, त्या दिवशी गाडी गावात शिरतच नाही. तिथून सोलापुरात परत न येता नळदुर्गला जाता येते. धबधबे मात्र पावसाळ्यातच. गढी असलेल्या लहान गावात जायचे तर आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. मोबाइलचा नकाशा आठ फुटी बोळात नेऊन सोडतो, तिथून मोठी गाडी मागे घेताना कोणाची तरी ओसरी फुटते. गाडी चावडीपाशी किंवा एसटी थांब्यावर ठेवून चालत जावे.

वाड्यात शिरल्यावर आधी वर बघा. तुळई मध्यावर खाली झुकलेली दिसली, भिंतीतल्या टोकाशी काळसर डाग असला, तर त्या खणाखाली उभे राहू नका. पायाखालची फरशी पोकळ वाजली तर बाजूला व्हा. खाली तळघर असेल किंवा धान्याचे पेव. पेवाचे तोंड उघडे असले तरी आत उतरायचे नाही, कोणी ‘चला दाखवतो’ म्हटले तरी नाही. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, आणि उतरलेला माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध होतो; त्याला काढायला उतरलेलाही. कमानीखाली आग्या मोहोळ असेल तर अत्तर, धूर आणि ड्रोन तिन्ही वर्ज्य. आडाला कठडा नसेल तर लहान मुले हाताला धरून.

वाडा दाखवणाऱ्या घराची तयारी मात्र मे महिन्यातच व्हायला हवी. पिंपळाची बोटभर रोपे ओल असताना हाताने उपटून निघतात. मनगटाएवढे खोड ओढायला जाऊ नये, चार दगड घेऊन येते. ते कापून बुंध्याला भोके पाडावीत, तणनाशक भरावे आणि मूळ मेल्यावर फट चुन्याने बुजवावी. पन्हाळीतली पारव्यांची घरटी काढावीत. मोरीत बादलीभर पाणी ओतून ते बाहेर किती वेळात येते ते पाहावे. रोहिणीत खारी माती टाकून, धुमसून घ्यावी, म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीत कुठे थेंब पडतो ते कळते आणि सुधारायला आठवडा हाती राहतो. खुणा खडूने खालच्या कड्यांवर करून ठेवाव्यात, वरून गळतीची जागा सापडत नाही. आणि काम झाले की माळवदावर जायची शिडी उचलून आतल्या खोलीत ठेवावी, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशी.